विदर्भातल्या ऋतूंप्रमाणे विक्का साधनेचे वर्ष कसे मांडावे?

प्रश्न : धुऱ्यावरची

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात वाढले, पुण्यात अकरा वर्षे नोकरी केली आणि आईच्या आजारपणामुळे तीन वर्षांपूर्वी घरी परतले. पुण्यात असताना काही मैत्रिणींबरोबर मी विक्का ही साधना शिकले. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते, की विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये आकाराला आलेली ही निसर्गपूजक परंपरा आहे आणि तिचे अनुयायी स्वतःला उघडपणे 'विच' म्हणवतात. ते वर्षात आठ सण पाळतात. 31 ऑक्टोबरला साविन येतो, डिसेंबरच्या अयनदिनी यूल, फेब्रुवारीच्या आरंभी इम्बोल्क, मार्चच्या विषुवदिनी ओस्टारा, 1 मे रोजी बेल्टेन, जूनच्या अयनदिनी लिथा, 1 ऑगस्टला लूनासा आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी मॅबन. मी शिकले त्या साधनेत दिवा, पाणी, माती, झाडपाला, चंद्राच्या कला आणि मोठ्याने उच्चारलेला संकल्प एवढीच सामग्री असते. कुणाचे वाईट चिंतणे तिच्यात बसत नाही.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे आठही सण बिनतक्रार निभावले, कारण तिथे खिडकीबाहेर ऋतू असा फारसा नव्हताच. गावात आल्यावर मात्र पहिल्याच साविनला माझी फजिती झाली. शिकवणीप्रमाणे तो वर्षाच्या मृत्यूचा दिवस. झाडे निष्पर्ण होतात, जमीन झोपी जाते आणि गेलेल्या माणसांना आपल्या उंबऱ्यापर्यंत येता येते असे मानतात. मी परसात आजोबांच्या नावाने दिवा लावून डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा समोरच्या वावरात चांदण्यात पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली होती, आई ओसरीत सोयाबीनच्या पैशांचा हिशेब करत होती आणि शेजारच्या घरातून चकल्यांचा वास येत होता. वर्षाचा मृत्यू म्हणावा असे एकही चिन्ह आसपास नव्हते. बेल्टेनचे तर विचारूच नका. तो फुलोऱ्याचा आणि शेकोटीवरून उड्या मारण्याचा सण आहे, आणि 1 मेच्या दुपारी आमच्याकडे सावलीत बसलेल्या कुत्र्यालासुद्धा धाप लागलेली असते.

म्हणून विचारते. ऑस्ट्रेलियातले साधक त्यांच्या उलट ऋतूंनुसार हे चक्र सहा महिने पुढे ढकलतात आणि साविन एप्रिलच्या शेवटी पाळतात, तसे आपणही करावे का? की आपल्या सणवारांना हे आठ सण जोडावेत? रोझमेरी, सेज वगैरे जे झाडपाले सांगितलेले असतात त्यांच्या जागी आपल्या शिवारातले काय घ्यावे? आणि शेवटचा प्रश्न थोडा संकोचाने विचारते: मराठीत या साधनेला काय म्हणावे? माझ्याजवळ असलेल्या सगळ्या शब्दांचा आमच्या गावात वेगळाच अर्थ होतो.

उत्तर : कोरडवाहू

ताई, मी विक्काचा नाही आणि खरे सांगायचे तर कशाचाच फारसा भाविक नाही. पण अमरावती जिल्ह्यात पस्तीस वर्षे वावर केले आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या ऋतूंबद्दल तरी बोलायला हरकत नसावी.

तुमचे आठ सण ज्या बेटावर जुळले तिथले वर्ष उजेडावर चालते. लंडनला जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही भरत नाही. दुपारी चारला अंधार गाठत असेल तर सूर्य परत यावा म्हणून माणूस ओंडके पेटवणारच. आपल्या नागपूरला मात्र सर्वांत मोठा दिवस साधारण साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान पावणेअकरा तासांच्या थोडा वर, म्हणजे वर्षभरातला सगळा फरक अडीच-पावणेतीन तासांचा. तेवढ्याने आपल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येत नाही. तो येतो पाण्यामुळे. वर्षाच्या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने आपण त्याच ओलीवर, त्याच विहिरीवर काढतो. तेव्हा चक्र सहा महिने फिरवून काहीही साधणार नाही, कारण फिरवले तरी ते उजेडाचेच चक्र राहील. तुम्हाला पाण्याचे चक्र मांडावे लागेल.

ते मांडायचे तर वर्षाचा मृत्यू आधी शोधा, कारण तुमच्या सगळ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. आपल्याकडे जमीन ऑक्टोबरात झोपत नाही, ती झोपते चैत्र-वैशाखात. वखरून पडलेल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, विहिरीत खाली उतरल्याशिवाय पाणी दिसत नाही, धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची बोर-बाभूळ तेवढी जिवंत वाटते. आणि आता असे पाहा, की पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर आपण कधी देतो? अक्षय तृतीयेला, म्हणजे नेमकी त्याच दिवसांत. मेलेल्यांना तहान लागते ही कल्पना ज्यांनी केली त्यांनी ती वैशाखात केली, यात मला तरी नवल वाटत नाही. तुमचे साविन तिथे आहे. दुसरी पितरांची वेळ भाद्रपदातल्या हाडपकाची, पण तेव्हा घरात नवे मूग-उडीद आलेले असतात, त्यामुळे तिचा रंग निराळा आहे.

त्यानंतर सूर्य रोहिणीत शिरतो तो 25 मेच्या सुमारास. त्याच्या पहिल्या नऊ दिवसांना आपण नवतपा म्हणतो आणि तो जितका तापेल तितका पाऊस चांगला असे जुने लोक सांगतात. मग 7 किंवा 8 जूनला मृग लागतो. मी नवे वर्ष तिथून धरतो, पाडव्यापासून नाही. पाडव्याला सालगड्याचे साल बदलते, तो हिशेबाच्या वहीतला वर्षारंभ झाला. मातीचे वर्ष मात्र मृगात बदलते. पावशा ओरडू लागतो, पहिला पाऊस पडून गेला की मखमली लाल मृगाचे किडे धुऱ्यावर फिरताना दिसतात, आणि आठवडाभरात तरोट्याची कोवळी भाजी खुडण्याजोगी होते. तुमच्या साधनेत एखादा नवा संकल्प उच्चारायचा असेल तर याहून योग्य वेळ मला सुचत नाही. फक्त मृग लागला म्हणून बियाणे टाकू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असे कृषी विद्यापीठे सांगतात ते खरे आहे, आणि दुबार पेरणीचे कर्ज कोणताही मंत्र फेडत नाही.

21-22 जूनला, तुमच्या लिथाच्याच दिवसांत, सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो. आर्द्र म्हणजे ओले. तिकडे ज्या दिवशी सूर्याचा सोहळा, त्या दिवशी इकडे सूर्य ढगाआड असावा आणि तो तसाच राहावा अशी इच्छा असते. या एका गोष्टीवर तुम्ही स्वस्थपणे विचार केलात तर पुढचे बरेचसे आपोआप सुचेल असे वाटते.

पोळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुम्ही लोक ज्याला घालवून देण्याचा विधी म्हणत असाल तो आपल्याकडे गावच्या गाव करतो आणि त्याला कोणी जादू म्हणत नाही. आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळून त्याला जेवणाचे आवतण देतात. श्रावणी अमावास्येला पोळा भरतो, झडत्या म्हणजे पोळ्याची खास गाणी म्हटली जातात, आणि दाराशी पळसाच्या फांद्यांचे मेढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरे ते मेढे उचलून 'इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत' असे ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकतात. नागपुरात याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून. वेळ किती अचूक आहे ते पाहा. दोन-अडीच महिने चिखल, ओल आणि डास सोसून घरोघरी ताप-खोकल्याने माणसे टेकीला आलेली असतात, तेव्हा रोगाला गावाबाहेर काढण्याची इच्छा होणे साहजिकच आहे.

पुढे हस्त, चित्रा आणि मग 23-24 ऑक्टोबरपासून स्वाती. 31 ऑक्टोबर नेहमी स्वातीतच येतो. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण तुम्ही ऐकली असेल, पण ती ज्वारी-हरभरावाल्याची आहे. फुटलेल्या बोंडावर स्वातीचा पाऊस पडला की कापसाची कवडी होते, म्हणजे तो डागाळून खराब होतो, त्यामुळे आमच्या घरात ही म्हण त्या दिवसांत कोणी मोठ्याने म्हणत नाही. त्याच सुमारास पहिल्या वेचणीआधी बायका सीतादही करतात. एखादी भरलेली पऱ्हाटी निवडून तिच्या बुडाशी दगड मांडतात, हळद-कुंकू वाहतात, दही-भाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच ओटी बांधतात. तुमच्या आईला नक्की माहीत असेल. पुस्तकातले सुगीचे तीन सण बाजूला ठेवा आणि हा एक नीट करा.

शेवट उलंगवाडीचा. पऱ्हाटी उपटून रान मोकळे करणे हे लोक नुसते काम समजतात, पण गुलाबी बोंडअळी आल्यापासून त्याला फार अर्थ आला आहे. फरदडीच्या, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा बोंडे घेण्याच्या लोभाने पीक मार्चपर्यंत उभे ठेवले तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. तेव्हा संपलेले वेळेवर संपवावे, यासाठी एखादा दिवस तुम्ही पाळणार असाल तर मी स्वतः हजर राहीन.

एक व्यवहाराची सूचना. तिथीवर तारीख बांधली तर ती दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. 2023 मध्ये श्रावण अधिक होता, 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. शेतीशी निगडित दिवस सूर्याच्या नक्षत्रावर ठेवा, माणसांशी निगडित दिवस तिथीवर ठेवा. आमच्या वडिलांच्या पिढीने हे कधी ठरवले नव्हते, पण वागत ते तसेच.

उत्तर : मास्तर

कोरडवाहू यांच्या लिखाणाला दोन पुरवण्या जोडतो.

पहिली अशी, की यूलला पर्याय म्हणून काहीजण मकरसंक्रांत सुचवतात, पण ते खगोलदृष्ट्या बरोबर नाही. सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21-22 डिसेंबरलाच. संक्रांत आणि अयनदिन हे सुमारे 1700 वर्षांपूर्वी एकत्र येत होते. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भोवंडण्यामुळे ते दर 72 वर्षांना साधारण एक दिवस या गतीने दूर गेले आहेत. नक्षत्रांच्या तारखाही याच गतीने सरकतात, मात्र माणसाच्या आयुष्यात ते जाणवत नाही.

दुसरी पुरवणी प्रश्नकर्तीला अधिक आवडेल अशी आशा आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्या मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरून जाते. यवतमाळला हा दिवस 22 मेच्या आसपास येतो, नागपूरला 26 मेच्या आसपास, म्हणजे नवतप्याच्या तोंडावरच. दुसऱ्यांदा तो जुलैत येतो, पण तेव्हा ढग असतात. ज्या देशात हे आठ सण जुळले तिथे सूर्य कधीही डोक्यावर येत नाही, त्यामुळे त्यांच्या चक्रात या दिवसाला जागा असणे शक्यच नव्हते. मी दरवर्षी शाळेतल्या मुलांना अंगणात उभे करून तो दाखवतो. उन्हात पाच मिनिटांहून अधिक थांबू नये आणि डोक्यावर दुपट्टा असावा, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर : बांधीतली

वरचे सगळे वाचून फार बरे वाटले, पण ते सगळे कापसाचे वर्ष आहे आणि त्याला विदर्भाचे वर्ष म्हणणे मला मान्य नाही. मी गोंदिया जिल्ह्यातली आहे. आमच्या झाडीपट्टीत पाऊस वऱ्हाडापेक्षा बराच जास्त आणि पीक धानाचे, त्यामुळे आमचे वर्ष मृगाच्या किड्यावर फिरत नाही, ते तलावावर फिरते. मालगुजारीच्या काळातले मामा तलाव आमच्या भागात गावोगावी आहेत. भरलेला तलाव सांडव्यावरून वाहू लागला की आमच्या आजीच्या लेखी वर्ष सुखरूप झाले. पऱ्हे टाकणे म्हणजे रोपे तयार करणे आणि रोवणी म्हणजे ती बांधीत लावणे यांच्या मधला काळ इतका धाकधुकीचा असतो, की त्या दिवसांत घरात कोणी मोठा आवाज करत नाही. आमची म्हणही वेगळी, 'न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा'. उत्तरा नक्षत्र सप्टेंबरच्या मध्यावर लागते आणि हाडपक त्याच दिवसांत येतो, म्हणजे त्या पावसावर धानाची लोंबी भरणार आणि पितरांचे ताटही. त्यामुळे पितर आमच्याकडे वैशाखातले कमी आणि भाद्रपदातले अधिक आहेत, एवढी दुरुस्ती मी सुचवते.

ऑक्टोबरच्या शेवटी वर्ष मरत नाही हे मात्र आमच्याकडेही खरे. धान कापणीला आलेले असते, ओलसर बांध्यांत लाखोळीची डाळ पेरलेली असते, आणि भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री दंडार किंवा नाटक. अशा गर्दीत गूढ शांतता शोधत बसण्यात अर्थ नाही.

झाडपाल्याचे मी सांगते, कारण ते कोणीच सांगितले नाही. ताई, रोझमेरी विकत आणण्याचा हट्ट सोडा. धुरासाठी तुम्हाला सालईचा डिंक मिळेल. परदेशात ज्या फ्रँकिन्सेन्स नावाच्या धुपासाठी लोक मोठे पैसे मोजतात त्याच कुळातले हे झाड आपल्या मेळघाटापासून पूर्वेकडच्या डोंगरांपर्यंत आहे. फक्त स्वतः झाडाला चीर देऊ नका, गोळा करणाऱ्यांकडून थोडा घ्या, कारण चुकीची खाच घेतली तर झाड वाळते. निर्गुडी, कडुनिंब, ओवा आणि मोहरी ही तर घरातलीच. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसताना पेटल्यासारखा फुलतो, तेव्हा तुमच्या वसंताच्या सणाला वेगळी सजावट लागत नाही. त्याच फुलांचा होळीला रंग होतो आणि पुढे त्याच पानांच्या पत्रावळी. धोतरा मात्र कितीही जादूचा वाटला तरी धुरातही नको आणि पोटातही नको.

मोहाबद्दल जपून बोलते. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुले टपटपतात आणि उजाडायच्या आत वेचायची असतात. त्या वेळी झाडाखाली बसण्याचा अनुभव मी कोणत्याही साधनेशी बदलणार नाही. पण आमच्या शेजारी गोंड वस्ती आहे. नवे फळ, नवे बी, नवे फूल आधी देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायचे नाही ही त्यांची शिस्त आहे. त्या सणांना ते पंडुम म्हणतात, तो कधी करायचा हे गाव मिळून ठरवते आणि पूजा भुमका म्हणजे गावचा पुजारी करतो. त्यांच्या पेनठाण्यावर म्हणजे देवाच्या जागी जाऊन आपला दिवा लावणे किंवा त्यांचे शब्द उचलून आपल्या विधीत घालणे मला योग्य वाटत नाही. बोलावले तर जा, मांडवात बसा, दिलेले खा. आणि मोहाखालची पाने पेटवून जागा साफ करणारे लोक आहेत, तो नाद तुम्ही लावून घेऊ नका. उन्हाळ्यातले कितीतरी वणवे तिथूनच सुरू होतात.

उत्तर : विवेकी

मी वर्धा जिल्ह्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करतो. ऋतूंबद्दल वर जे लिहिले आहे त्याला माझी हरकत नाही. नवतप्यावरून पाऊस कळतो किंवा अक्षय तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीतून पीकपाण्याचे भाकीत मिळते या समजुतींना मात्र आहे, पण तो इथला विषय नाही. माझा प्रतिसाद प्रश्नकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाला आहे, कारण बाकीच्यांनी तो सोयीस्करपणे वगळला.

ताई, पुण्यात किंवा लंडनमध्ये एखादी स्त्री स्वतःला 'विच' म्हणवून घेते तेव्हा तो तिने निवडलेला शब्द असतो. आपल्या भागात हा शब्द बाई निवडत नाही, गाव तिच्यावर लादते. विधवा, एकटी, थोडी जमीन नावावर असलेली, फटकळ बोलणारी म्हातारी. कुणाचे मूल दगावले, कुणाची म्हैस आटली, की तिच्या दारापुढे गर्दी जमते. एका गावात अशा बाईला बसमध्ये बसवून तिच्या माहेरी पोचवताना मी होतो. ती सबंध प्रवासात एवढेच विचारत होती, की आपल्या कोंबड्यांना दाणे कोण टाकेल. तेव्हा करणी, चेटूक, जादूटोणा यांतला एकही शब्द तुमच्या साधनेसाठी वापरू नका. त्या शब्दांना प्रतिष्ठा मिळवून देण्याची तुमची इच्छा असेल, पण त्याची किंमत तुम्ही एकट्या मोजणार नाही.

2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही नीट समजून घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. घरात दिवा लावणे, प्रार्थना करणे, व्रत पाळणे याला तो हात लावत नाही. अमुक व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटवते असे पसरवणे हा त्याखाली गुन्हा आहे, म्हणजे हा कायदा वेळ आली तर तुमच्या बाजूने उभा राहील. पण उद्या कुणी तुमच्याकडे आजारी मूल घेऊन आले आणि तुम्ही मायेने का होईना त्याच्या हाताला दोरा बांधला, तर तुम्ही नको त्या वाटेवर पाऊल टाकले असे समजा. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणे हे तर त्या कायद्याच्या अनुसूचीतच आहे.

आणखी एक. पाण्याजवळ, तिठ्यावर किंवा दुसऱ्याच्या धुऱ्यावर काही मांडून ठेवू नका. तुमच्या दृष्टीने ते फुले आणि दगड असतील. सकाळी पाणी भरायला आलेल्या बाईला तो उतारा दिसेल आणि तिचा दिवस भीतीत जाईल.

धुऱ्यावरची

सर्वांचे मनापासून आभार. विवेकीदादा, तुमचे शब्द टोचले, पण टोचायला हवे होते. मागच्या वर्षी मी विहिरीच्या काठावर शंखशिंपल्यांचे वर्तुळ मांडले होते आणि दोन दिवस शेजारच्या काकू आमच्या विहिरीवर आल्या नाहीत. त्याचे कारण मला आज कळले. उद्या जाऊन त्यांच्याशी बोलेन.

रात्री बसून जुनी वही काढली आणि आठ खाने आखलेले पान फाडले. हे आठ सण आजच्या रूपात 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड परंपरेतले रॉस निकोल्स यांच्या मंडळींनी जुळवले आणि मॅबन हे नाव तर अमेरिकेतल्या एडन केली यांनी 1970 च्या दशकात दिले, हे मला आधीही ठाऊक होते. तरी आठ हा आकडा आकाशातून पडल्यासारखी मी तो पाळत होते. आता आठाचा हट्ट सोडते. आमच्या वावरापुरते मला सहा दिवस दिसतात आणि त्यांच्यातले अंतर सारखे नाही. अक्षय तृतीया, बिनसावलीची मध्यान्ह आणि मृग हे तिन्ही एकमेकांच्या पाठोपाठ येतात, आणि मग पोळ्यापर्यंत मोठी मोकळी जागा पडते. आधी ती भरून काढावी असे वाटत होते, पण त्या दिवसांत डवरणी, निंदण आणि खताच्या पाळ्या चालू असतात. वर्षाला त्या वेळी पूजा नको असते, हात हवे असतात. उरलेले दोन दिवस सीतादही आणि उलंगवाडी. बांधीतली ताई, तुमचे बरोबर आहे, हे कापसाचे वर्ष आहे. वहीवर मी 'विदर्भ' खोडून गावाचे नाव लिहिले.

चंद्राच्या कलांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. अमावास्येला घरात बसून मनातले एखादे ओझे कागदावर लिहून चुलीत टाकते, तेवढे चालू ठेवीन. शब्दाचा प्रश्न आईनेच मिटवला. मी वहीत काय लिहिते असे तिने विचारले, तेव्हा काय सांगावे ते न सुचून मी म्हटले, 'वावराचं पाळते.' ती म्हणाली, 'मग बरं आहे.'

कोरडवाहू

सीतादहीला दगड किती मांडायचे ते आताच विचारून ठेवा, ऐन वेळी वाद होतात. आमच्याकडे पाच आणि माझ्या सासुरवाडीला सात. लग्नाला तीस वर्षे झाली तरी तो तंटा मिटलेला नाही.

धुऱ्यावरची

विचारले. पाच एका ओळीत आणि सहावा थोडा बाजूला, पऱ्हाटीच्या सावलीत. सहावा कुणाचा, ते आईला माहीत नाही. तिच्या सासूनेही तिला सांगितले नव्हते. पण त्यालाही दही-भात ठेवायचा, आणि तो आधी ठेवायचा.